मॉर्टन न्यूरोमा : शस्त्रक्रियेआधी

मॉर्टन न्यूरोमा ही चवड्यातील मज्जातंतूची व्याधी आहे. बहुधा तिसऱ्या आणि चौथ्या बोटांकडे जाणारा तंतू अस्थिबंधाखाली वारंवार दाबला जातो, त्याभोवतीची ऊती जाड होते आणि पाऊल टेकताच बुटात खडा असल्यासारखी टोचणी किंवा जळजळ होते. ही गाठ कर्करोगाची नसते. लंडनचे लुईस डर्लाकर यांनी १८४५ मध्ये आणि फिलाडेल्फियाचे थॉमस मॉर्टन यांनी १८७६ मध्ये या दुखण्याचे वर्णन केले.

या दुखण्याचा बुटांशी जवळचा संबंध आहे. उदाहरणार्थ, सुरतजवळच्या हजीऱ्यात पोलाद आणि अवजड अभियांत्रिकीचे कारखाने आहेत. अशा ठिकाणी पोलादी टोपीचे सेफ्टी शूज घालावेच लागतात. ते चवड्याशी अरुंद असतील तर दुखणे वाढते. बूट टाळता येत नाहीत, पण रुंद मापाचे मागता येतात आणि कामगाराने ते निःसंकोच मागावेत.

रुंद बूट, चवड्यामागे आधार देणारी गादी, गरजेनुसार स्टिरॉइडचे इंजेक्शन, एवढ्यावर अनेकांचे भागते. न भागल्यास शस्त्रक्रिया. तीत अस्थिबंध कापून तंतू मोकळा करतात किंवा तंतूचा जाड भागच काढतात. तंतू काढल्यास त्या बोटांमधला भाग कायमचा बधिर होतो, हे रुग्णाला आधीच स्पष्ट सांगितले पाहिजे. क्वचित कापलेल्या टोकाशी पुन्हा वेदनादायक गाठ होते. मधुमेह असल्यास पायाचा रक्तपुरवठा आणि संवेदना आधी तपासतात, कारण मधुमेहातील मज्जातंतूविकाराची जळजळ या शस्त्रक्रियेने जात नाही. छेद पावलाच्या वरच्या बाजूने घेतल्यास जखमेवर थेट भार येत नाही. तरीही सूज उतरायला काही आठवडे लागतात. सेफ्टी शूज त्यानंतरच.