दोन गिअरांमधला क्षण

पापणी लवायला सेकंदाचा एक दशांश भाग तरी लागतोच. तेवढ्या अवधीत आजची फॉर्म्युला वन शर्यतीची मोटार एक गिअर सोडून दुसरा घेते, आणि वर पुष्कळ वेळ शिल्लक उरतो! खंडाळ्याच्या घाटात जुन्या फिएटच्या गिअरशी झटापट केलेल्या माझ्यासारख्याला याचे नवल न वाटले तरच नवल.

मुळात गिअर हवेतच कशाला? एंजिनाचा खरा जोर फेऱ्यांच्या एका ठराविक टप्प्यातच मिळतो. चाकांचा वेग मात्र शून्यापासून ताशी ३०० किलोमीटरपर्यंत बदलत असतो. या दोघांचे जमवून देणारा मध्यस्थ म्हणजे गिअर. घरच्या मोटारीत हा मध्यस्थ सावकाश काम करतो. क्लच दाबून एंजिन चाकांपासून तोडायचे, दांडा ओढायचा, पेटीतल्या कड्यांना फिरत्या भागांचा वेग सारखा करू द्यायचा आणि मग क्लच सोडायचा. यात अर्धा सेकंद सहज जातो. घरगुती प्रवासात त्याची फिकीर कोणाला? पण ताशी ३०० किलोमीटर वेगाची मोटार अर्ध्या सेकंदात सुमारे ४२ मीटर जाते. तेवढे अंतर तिने एंजिनाच्या जोराविना कापायचे, आणि समोरून रेटणारी हवा तर क्षणाचीही उसंत देत नाही.

शर्यतीच्या पेटीचे मर्म मला समजले ते आमच्या गल्लीतल्या मेकॅनिकमुळे. त्याने मोटारसायकलची गिअरपेटी उघडून दाखवली. आत खाचा कोरलेला एक दंडगोल होता. तो थोडा फिरला की खाचांतून सरकणारे काटे गिअर पुढेमागे ढकलतात. गिअरांच्या अंगावर मोजकेच जाडजूड दात असतात. ते शेजारच्या गिअरच्या खाचेत थेट घुसतात; आधी वेग जुळवण्याचे सोपस्कार नाहीत. गिअर ओळीनेच येतात. दुसऱ्यावरून एकदम चौथ्यावर उडी नाही. शर्यतीच्या पेटीचे तत्त्वही हेच. फक्त तिथे दंडगोल फिरवायला पाय नसतो. स्टिअरिंगच्या मागची पट्टी बोटाने ओढली की विजेचा संदेश संगणकाकडे जातो, संगणक क्षणभर एंजिनाचा जोर कमी करतो आणि दाबाखालचे तेल दंडगोल फिरवते. क्लच लागतो तो जागेवरून निघतानाच.

ही पट्टी फॉर्म्युला वनच्या शर्यतीत प्रथम उतरवली ती १९८९ साली फेरारीने. जॉन बार्नार्ड या इंग्रज अभियंत्याला गिअरचा दांडाच नको होता. दांडा गेला की मोटार अधिक निमुळती करता येते. सरावात ही मोटार इतकी रुसे, की ब्राझीलच्या पहिल्या शर्यतीसाठी नायजेल मॅन्सेलने परतीचे विमान लवकरचेच ठरवले होते. आणि तीच शर्यत त्याने जिंकली! पुढे अनेकदा मोटार बंद पडली. पण दोष गिअरांचा नव्हता. एंजिनाच्या थरथरीने वीज पुरवणाऱ्या यंत्राचा पट्टा निसटत असे.

त्याच वर्षी इमोला येथे गेरहार्ड बर्गरच्या मोटारीने पेट घेतला आणि त्याचे हात भाजले. एकच शर्यत चुकवून तो परतला. भाजलेल्या तळहाताने दांडा ओढणे कुठले जमायला? बोटांनी पट्टी मात्र ओढता येत होती.

उलट १९९१ साली साओ पावलोत आयर्टन सेना हाताच्या गिअरची मोटार चालवत होता. एकेक गिअर निकामी होत गेला आणि शेवटच्या फेऱ्या त्याने सहाव्या गिअरवरच रेटल्या. तो जिंकला, पण त्याला धरून मोटारीतून उतरवावे लागले. गंमत अशी, की पट्टीच्या गिअरची मोटार घेऊन त्याच्या मागे लागलेला मॅन्सेल गिअरच्याच बिघाडाने बाद झाला होता!

तरीही पट्टीच टिकली. या शतकाच्या पहिल्या दशकात अभियंत्यांनी उरलेली फटही बुजवली. जुना गिअर अजून धरलेला असतानाच नवा पकडतो. दोन्ही घट्ट अडकले तर पेटीच्या ठिकऱ्या होतील. म्हणून रचना अशी, की नव्याने भार घेताच जुना सायकलच्या फ्रीव्हीलसारखा मोकळा होतो आणि बाजूला सरतो. जोराचा धागा तुटतच नाही.

मग चालकाला काय उरले? काही वर्षे संगणकाने आपणहून गिअर बदलण्यासही मुभा होती. २००४ पासून ती बंद झाली. आज आठ गिअरांपैकी प्रत्येक बदल चालकाच्याच बोटाने व्हावा लागतो. हाताचे कष्ट यंत्राने घेतले, पण ‘आता’ म्हणण्याचा अधिकार माणसाकडेच ठेवला आहे. मला यंत्राच्या चपळाईइतकेच या नियमातल्या शहाणपणाचेही कौतुक वाटते.