कपाचा हिशेब, वेचणीच्या दिवसांत

एका पाळीत सरासरी ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं. ८० च्या वर गेलं तर डॉक्टर त्याला अतिरक्तस्राव म्हणतात. मेन्स्ट्रुअल कपात एका वेळी साधारण २० ते ३० मिलिलिटर मावतं. जड दिवस सोडले तर सकाळ-रात्र असा दोनदा रिकामा केला तरी भागतं. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते २४ वयाच्या ६४ टक्के जणींनी पॅड सांगितलं, ५० टक्क्यांनी कापड (बऱ्याच जणी दोन्ही वापरतात), आणि कप सांगणाऱ्या एक टक्काही नव्हत्या.

कपाची जाहिरात पैशांच्या बचतीवर चालते, म्हणून आधी तेच. रोज चार पॅड, पाच दिवस, बारा महिने: वर्षाला २४० पॅड. दुकानातलं पॅड सहा रुपयांचं धरलं तर १,४४० रुपये. चारशेचा कप चार महिन्यांत वसूल, आणि नीट जपला तर काही वर्षं टिकतो. पण जनऔषधी केंद्रात २०१९ पासून एक रुपयाला पॅड मिळतं. ते घेणारीचा वर्षाचा खर्च २४० रुपये, म्हणजे कप वसूल व्हायला पावणेदोन वर्षं. नुसत्या पैशांसाठी तिने कप घ्यावा, असं मला वाटत नाही.

पाचोऱ्याकडच्या बाईला कपाचा खरा फायदा वेळेचा आहे. कापूस वेचणीची मजुरी किलोवर. शेतात आडोसा नाही, पाणी प्यायच्या कळशीपुरतं. पॅड बदलायला जागा शोधायची, वापरलेलं पदरात गुंडाळून घरी आणायचं, आणि तेवढा कापूस कमी भरायचा. कप जास्तीत जास्त १२ तास ठेवता येतो. घरच्या मोरीत बसवून निघालं की संध्याकाळी घरीच काढायचा. जड दिवशी मात्र तो मध्येच भरतो, तेव्हा सोबत पॅड हवंच.

काळजी मोरीतच घ्यायची. नखं कापलेली, हात साबणाने धुतलेले. पाळीच्या आधी कप वेगळ्या पातेल्यात पाच मिनिटं उकळायचा; पाणी आटू दिलं तर तळाला चिकटून जळतो. काढताना उकिडवं बसून थोडा जोर द्यायचा, बूड चिमटीत दाबून हवा सोडायची, मगच बाहेर. नुसती दांडी ओढली की दुखतं, आणि आतलं सांडतं ते वेगळंच. तांबी बसवलेली असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं: २०१९ साली ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये आलेल्या ४३ अभ्यासांच्या आढाव्यात तांबी निसटल्याच्या १३ नोंदी आहेत. अंग खाली आलेल्या किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या बाईनेही डॉक्टरांना दाखवल्याशिवाय वापरू नये.

त्याच आढाव्यात टॉक्सिक शॉक सिंड्रोमच्या पाच नोंदी सापडल्या. जगभरचा वापर पाहता आकडा लहान आहे, पण आजार जिवावर बेतणारा. कप आत असताना एकाएकी मोठा ताप, उलट्या, जुलाब, चक्कर किंवा अंगावर लाल पुरळ आलं, तर कप काढून थेट दवाखाना गाठायचा, सकाळची वाट पाहायची नाही. आढाव्यात गळतीच्या बाबतीत मात्र कप पॅडइतकाच किंवा त्याहून बरा ठरला, आणि अभ्यास संपल्यावर ७३ टक्के जणींना तो पुढे वापरायचा होता.

पहिले दोन-तीन महिने मात्र तो नीट बसत नाही. नेपाळच्या चितवनमध्ये शाळकरी मुलींना कप दिले, तेव्हा सहा महिन्यांनी सुमारे ६० टक्के वापरत होत्या, आणि ज्यांच्या मैत्रिणी वापरत होत्या त्या लवकर शिकल्या. शाळेतल्या हजेरीत मात्र फरक पडला नाही. मुळात पाळीमुळे बुडणारे दिवसच फार थोडे होते. आपल्याकडे ही मैत्रिणीची जागा आशाताई घेऊ शकते. सरकारी योजनेत ती सहा पॅडचं पाकीट सहा रुपयांना विकते, त्यातला एक रुपया तिचा. आत बसवताना कपाची घडी कशी घालायची हे दाखवायला तिच्या पिशवीत एक नमुन्याचा कप ठेवायला फारसा खर्च येणार नाही.