सिंहाची सही

धनादेशावरील सही नमुन्याशी जुळली नाही, तर खात्यात पैसे असूनही तो परत जातो. आंतरराष्ट्रीय उद्योग-परिषदेच्या बोधचिन्हाचेही तसेच असते.

25 सप्टेंबर 2014 रोजी ‘मेक इन इंडिया’ मोहिमेबरोबर दंतचक्रांनी घडलेला, पाऊल पुढे टाकणारा सिंह देशासमोर आला. एप्रिल 2015 मध्ये जर्मनीतील हॅनोव्हरच्या औद्योगिक प्रदर्शनात भारत भागीदार देश होता. तेथेही हाच सिंह होता. फेब्रुवारी 2016 मध्ये मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातील सप्ताहास स्वीडन व फिनलंडचे पंतप्रधान आले, तेव्हाही तोच. सरकारी कारभारात हे दुर्मीळच; एरवी अधिकारी बदलला की पत्रशीर्षही बदलते!

असे सातत्य आपोआप येत नाही. चिन्हाभोवती किती जागा मोकळी सोडावी, रंगाची छटा आणि अक्षरवळण कोणते, हे आधी लिहून ठेवावे लागते. मुद्रक, मंडपवाला व संकेतस्थळ करणारा यांच्या हाती एकच नियमपुस्तिका द्यावी लागते. निमंत्रणावर एक निळा आणि कमानीवर दुसरा दिसला, की पाहुण्याला यजमानच दोन वाटतात.

राष्ट्रीय उत्पन्नात कारखानदारीचा वाटा 2022 पर्यंत 25 टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट मात्र साधले नाही. त्याचा जाब सिंहाला विचारता येणार नाही.