फुटबॉल संघांची चढउतार आणि गल्ल्याचे गणित

श्रोते हो, शाळेत वार्षिक परीक्षा झाली की मुले वरच्या वर्गात जातात. एखादा नापास झाला तर त्याच बाकावर आणखी एक वर्ष बसतो. पण नापास मुलाला एक इयत्ता खाली उतरवले, असे काही आपण ऐकत नाही. फुटबॉलच्या जगात मात्र हाच नेम आहे. वरच्या वर्गातले तळाचे संघ खाली उतरतात आणि खालच्या वर्गातले पहिले संघ वर चढतात.

इंग्लंडात १८८८ साली बारा संघांची साखळी स्पर्धा सुरू झाली. १८९२ साली तिला दुसरा वर्ग जोडला आणि १८९८ पासून ही चढउतार थेट गुणांवरून होऊ लागली. याचा पहिला फायदा प्रेक्षकांच्या संख्येत दिसतो. एरवी तळाच्या दोन संघांचा शेवटचा सामना पाहायला कोण जाईल? पण हरला तो उतरला, असे असले की त्याच सामन्याला गर्दी लोटते.

आता कोणी विचारील, संघ उतरला की प्रेक्षक पाठ फिरवतात का? पुष्कळदा फिरवतात; पण नेहमीच नव्हे. मँचेस्टर युनायटेड हा नामांकित संघ १९७४ साली दुसऱ्या वर्गात उतरला. पुढच्या हंगामात त्याच्या घरच्या मैदानावर सरासरी ४८ हजारांवर लोक आले. पहिल्या वर्गातल्या कोणत्याही संघापेक्षा ही गर्दी जास्त होती! संघ आपला आहे असे गावाला वाटत असले आणि तो पुन्हा जिंकू लागला, तर लोक येतातच.

मग खरी झळ बसते कुठे? ती बसते पैशाला. पूर्वी संघाची मिळकत म्हणजे दारावरची तिकिटे. आता मोठा वाटा दूरचित्रवाणीचा असतो आणि तो वर्गावर ठरतो. समजा, एका संघाची आवक १०० रुपये आहे. त्यातले ६५ दूरचित्रवाणीचे आणि खेळाडूंचा पगार ६० रुपये. संघ उतरला, ६५ चे १० झाले. पगाराचे करार मात्र तसेच राहिले. मैदान भरलेले आणि तिजोरी रिकामी! म्हणून शहाणे संघ करारातच लिहून घेतात की, उतरलो तर पगारही उतरेल. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये उतरणाऱ्या संघाला प्रक्षेपणाच्या समान वाट्यातला पहिल्या वर्षी ५५ टक्के आणि दुसऱ्या वर्षी ४५ टक्के हिस्सा देण्याची पद्धत पडली. पण त्यामुळे खालच्या वर्गातल्या इतर संघांवर अन्याय होतो, अशी तक्रारही आहेच.

आता आपल्या शेजारच्या गोव्याकडे वळू. तिथला धेंपो संघ पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरला. २०१५ साली तो आय-लीगमधून उतरला. २०१६ साली दुसऱ्या वर्गात पहिला येऊन त्याने पुन्हा वर चढण्याचा हक्क मिळवला. आणि त्याच वर्षी त्याने स्पर्धेतून अंग काढून घेतले! साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लुब द गोवा हे संघही बाहेर पडले. कारण काय? २०१४ साली सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगला देशातली सर्वोच्च स्पर्धा करायची आणि खालून कोणाला वर घ्यायचे नाही, असा बेत पुढे आला होता. शिडीची वरची पायरीच काढून घेतली, तर खर्च करून चढायचे कशाला? हा त्यांचा सवाल होता.

पुढे ते दार किलकिले झाले. आय-लीग जिंकून २०२३ साली पंजाबचा संघ आणि २०२४ साली कोलकात्याचा मोहमेडन संघ वर गेला. धेंपोही २०२४ साली खालून आय-लीगमध्ये परतला.

शिक्षक बंधुभगिनींनो, यातून आपल्याला घेण्यासारखे आहे. छत्रपती संभाजीनगरच्या आमखास मैदानावरचा फुटबॉल असो की तालुक्याची कबड्डी, संघांचे दोन वर्ग करा. दरवर्षी एक संघ चढू द्या, एक उतरू द्या. लहान गावाच्या पोरांना वर जायची आशा राहील आणि मोठ्या गावाचे संघ सुस्तावणार नाहीत. मात्र उतरणाऱ्याच्या हाती पुढच्या वर्षाच्या चेंडूपुरते आणि एस. टी.च्या भाड्यापुरते पैसे राहतील, एवढी बेगमी आधीच करून ठेवा. पडलेल्याला उठता आले, तरच चढउतारीला अर्थ आहे.