सुट्टीतलं काम सोडताना

महाराष्ट्रातल्या बहुतेक शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, विदर्भातल्या थोड्या उशिरा. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. उन्हाळाभर काउंटर सांभाळणाऱ्या मुलामुलींची कॉलेजंही त्याच सुमारास सुरू होतात. म्हणजे काम सोडायची वेळ आणि दुकानातल्या गर्दीची वेळ एकच. मग घाईत, ऐकीव समजांवर विसंबून मुलं निघतात आणि नुकसान दोन्हीकडे होतं.

‘तात्पुरतं तर काम आहे, उद्यापासून येत नाही म्हटलं की झालं.’ हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. माणूस कमी पडला तर दुकानदार दुसरा शोधतो. अडतं ते तुमच्या डोक्यातल्या माहितीवाचून. कुठल्या शाळेची यादी कुठल्या कप्प्यात आहे, पाचवीचा कोणता सेट बांधलाय पण त्यात गणिताचं पुस्तक यायचंय, कोणी आगाऊ पैसे देऊन ठेवलेत, हे बिलाच्या कॉम्प्युटरमध्ये बहुतेकदा नसतं. आई पोराला घेऊन दुसऱ्यांदा हेलपाटा मारते आणि काउंटरवरच्या नव्या मुलाला काहीच ठाऊक नसतं. म्हणून शेवटची तारीख आठ-दहा दिवस आधी सांगा. तुमच्या जागी येणाऱ्याला एक दिवस शेजारी उभं करून घ्या. अर्धवट राहिलेल्या प्रत्येक सेटवर चिठ्ठी लावा: नाव, इयत्ता, काय यायचंय, किती पैसे जमा. मला विचाराल तर निरोपाच्या पेढ्यांपेक्षा या चिठ्ठ्यांचं मोल जास्त आहे.

‘जाताना पैशांचा विषय काढला तर संबंध बिघडतात.’ उलट, न काढल्यानेच बिघडतात. मनात अढी राहते आणि पुन्हा त्या दारात जावंसं वाटत नाही. वेतन संहिता, 2019 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे. तिच्यानुसार कामगाराने स्वतः राजीनामा दिला तरी त्याचं देणं असलेलं वेतन कामकाजाच्या दोन दिवसांत चुकतं करावं लागतं. ‘पुढच्या महिन्यात ये, बघू’ हे कायद्यात बसत नाही. मात्र मागताना हिशेब तयार हवा. आलेले दिवस, जादा तास आणि मध्ये घेतलेली उचल एका कागदावर मांडा आणि गिऱ्हाईक नसताना मालकांसमोर ठेवा. ‘काका, एकदा बघून घेता का?’ एवढं पुरतं.

‘गल्ल्यात कमी आलं की पगारातून कापणारच.’ सरसकट नाही. वेतनकपातीची कारणं कायद्याने ठरवून दिली आहेत. तुमच्या ताब्यात दिलेल्या मालाचं किंवा पैशांचं नुकसान तुमच्याच हलगर्जीपणामुळे झालं असेल तर कपात होऊ शकते; पण आधी तुमची बाजू ऐकून घ्यावी लागते आणि झालेल्या नुकसानीपेक्षा जास्त कापता येत नाही. यासाठीच शेवटच्या दिवशी रोकड मालकांसमोर मोजून द्या, किल्ल्या हातात द्या.

‘दोन महिन्यांच्या पोराला कसला बोनस?’ ही गोष्ट फार थोड्या मुलांना माहीत असते: वीस किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेत, वेतनमर्यादेत बसणाऱ्या कर्मचाऱ्याने हिशेबाच्या वर्षात किमान 30 दिवस काम केलं असेल तर तो साधारणपणे बोनसला पात्र ठरतो. किमान दर 8.33 टक्के, तोही कमावलेल्या वेतनाच्या प्रमाणात. रक्कम छोटी असेल, पण ती हक्काची आहे. बोनस वर्ष संपल्यावर वाटला जातो, तेव्हा जाताना बँक खात्याचा तपशील आणि चालू मोबाइल नंबर देऊन ठेवा. मोठ्या दुकानात किंवा मॉलमध्ये पीएफ कापला गेला असेल तर तोही बुडत नाही. तुमचा पीएफचा यूएएन क्रमांक आयुष्यभर एकच राहतो. तो लिहून घ्या.

अनुभवाचं पत्र मागायला मुलं संकोचतात. छोट्या दुकानदाराला नकार द्यायचा नसतो, त्याला मजकूर सुचत नसतो. कामाचा काळ आणि स्वरूप सांगणारी चार ओळींचा मसुदा तुम्हीच लिहून न्या, तो लेटरहेडवर सही-शिक्का करून देईल.

दिवाळीत परत यायची इच्छा असेल तर तेही निघतानाच सांगा. सत्र परीक्षेच्या तारखा कळल्या की फोन करून मोकळे दिवस कळवा, कारण सणासुदीसाठी माणसं आधीच ठरवली जातात.