नदीचा धुरा

उत्तर प्रदेशातला बलिया जिल्हा आणि बिहारचे तेव्हाचे शहाबाद व सारण जिल्हे, यांच्यामधून गंगा आणि घाघरा वाहतात. हद्दीची तिथली जुनी रीत म्हणजे ‘धारधुरा’. नदीची खोल धार जिथे, तिथे सीमा. आमच्या वऱ्हाडात शेताच्या बांधाला धुरा म्हणतात. तो जागचा हलत नाही, शेजाऱ्याने कोरला नाही तर! गंगेचा धुरा मात्र पावसाळ्यागणिक सरकायचा. धार इकडची तिकडे झाली, की काल बलियात असलेले शेत आज बिहारात. पूर ओसरल्यावर गाळाची कसदार जमीन वर येते, तिला दियारा म्हणतात. ती पेरायची कुणी? सारा कोणत्या राज्यात भरायचा, फिर्याद कोणत्या ठाण्यात द्यायची? पीक कापणीला आले की लाठ्या निघत.

अखेर चंदुलाल त्रिवेदींनी यात निवाडा दिला. माझ्या मते त्यातला शहाणपणा असा, की त्यांनी नदीला हद्दीच्या कामातून मोकळे केले. नकाशावर पक्की रेषा, जमिनीवर खांब. नदी कुठूनही वाहो. १९६८ साली संसदेने तसा कायदा केला. काही गावांचे राज्यच बदलले. पुढे हरियाणा आणि उत्तर प्रदेश यांच्यातल्या यमुनेसाठी १९७९ च्या कायद्याने हाच मार्ग धरला.

पण खांब उभे करायचे ते गाळातच. पुरात ते वाहून गेले, की मोजणीदारांनी पुन्हा तीच जागा शोधायची. तोवर पेरणीचे दिवस आलेले असतात.