पावसाळ्यात उठणारा वास

आमच्या गुंड्या बोक्याने गादीवर केलेली शू उन्हाळ्यात कुणाला कळत नाही. जूनमध्ये मात्र पाहुणे दारातच नाक मुरडतात. मांजराच्या मूत्राचे वाळलेले अंश आत मुरून राहतात आणि हवा दमट झाली की पुन्हा वास सोडतात. नुसतं धुऊन भागत नाही ते त्यामुळेच.

फिनेल ओतणं हा आपला राष्ट्रीय उपाय! मी ते घरात ठेवतच नाही. त्यातली फिनॉलसारखी द्रव्यं मांजराच्या यकृताला झेपत नाहीत, आणि पंजे चाटून ती पोटात जातात. ब्लीचही नको; मूत्रातल्या अमोनियाशी मिसळून त्यातून विषारी वायू निघतो.

ओलं असतानाच जुन्या सुती साडीचा तुकडा दाबून टिपायचं. घासलं तर ते कापसात खोल उतरतं. मग गार पाणी, मग एन्झाइमवालं क्लीनर सढळ हाताने, आणि ते सावकाश वाळू द्यायचं. व्हिनेगर सगळेच सुचवतात, पण आमच्या शहाबादी फरशीवर मुळीच नाही. तो चुनखडीचा दगड, आम्लाने झिजतो. जुने डाग अंधारात अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली चमकतात.

बोका शू करायला सारखा बसतोय आणि थेंबही येत नाही, असं दिसलं तर फडकं बाजूला ठेवा आणि लगेच डॉक्टर गाठा. मूत्रमार्ग तुंबला असेल तर जिवावर बेततं.